श्रावणातली तोफ

निघायच्या आदल्या दिवशी लेकीनं फोनवर बजावलं, "आई, तिकडे गेलीस की तोफेचा विषय काढू नकोस." मी म्हटलं, "कसली तोफ?" तर म्हणे, "तेच. काही विचारू नकोस." आता मला सांगा, असं सांगून कुणी माणसाला प्रवासाला धाडतं का? मी जन्मभर पोस्टाच्या खिडकीमागे बसून सह्या पडताळल्या. समोरचा माणूस गोड हसला की मी आधी त्याची सही बघते. देवरुखपासून परभणीपर्यंत माझ्या डोक्यात त्या तोफेशिवाय दुसरं काही आलं नाही.

लेक-जावई दोघंही पुण्यात नोकरीला. जावयाचं मूळ घर परभणी जिल्ह्यात, बोरीहून आत वळणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहानशा गावात. लग्न होऊन बरीच वर्षं झाली, पण मी ते गाव पाहिलं नव्हतं. यंदा व्याह्यांनी, भगवानरावांनी, पोळ्याला अगदी आग्रहानं बोलावलं. ह्यांचे गुडघे प्रवासाला तयार नाहीत, म्हणून मी एकटीच निघाले. एवढी वर्षं सोडून याच वर्षी एवढा आग्रह का, ही शंका मी पिशवीत भरूनच घेतली होती.

परभणी ते बोरी

भगवानराव स्टेशनवर गाडी घेऊन येणार होते. मी मुद्दाम आधीच्या गाडीनं पोचले आणि बोरीला जाणाऱ्या काळीपिवळीत बसले. आपल्याला कुणी दाखवायच्या आधी आपण गाव बघावं, ही माझी सवय. माणसं कोंबून भरल्याशिवाय जीप हलली नाही, आणि हलल्याबरोबर पावसावर बोलणं सुरू झालं. पेरणी झाल्यावर पाऊस बरा झाला होता, मग जो गेला तो गेलाच.

"सरकारनं मागं इमानं फिरवली, आभाळात मीठ टाकायला," पुढच्या सीटवरचा एक जण म्हणाला. "तवापासून बिघडलंय. दुधात मीठ पडल्यावर दूध फाटतंय का न्हाई? तसं आभाळ फाटलं."

"इमानाचं कायबी न्हाई," माझ्या शेजारची बाई म्हणाली. "डोंगरावर त्या पवनचक्क्या लावल्या ना, त्या ढग कापतेत. गरगर गरगर. आमच्या भावाच्या गावाला डोळ्यानं बगटलंय मी."

"काय बगटलं?"

"ढग आला आन् गेला."

जीपमध्ये कुणी हसलं नाही. मीही हसले नाही. ढगात मिठाचे कण फवारून थोडाफार पाऊस वाढवता येतो, हे मीही वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. पण त्यासाठी ढग मुळात तयार हवा, आणि फवारलं नसतं तर किती पडला असता हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. शहरांच्या धुरानं आणि धुळीनं पाऊस इकडचा तिकडे होतो, असंही म्हणतात. म्हणजे माणूस नकळत आभाळात लुडबूड करतोच. तेव्हा या लोकांना अडाणी ठरवायला मी तयार नव्हते. फक्त जो तो दुसऱ्याच्या यंत्राकडे बोट दाखवत होता, स्वतःचं यंत्र कुणीच काढत नव्हतं, एवढं माझ्या लक्षात आलं.

बोरीला उतरले तर भगवानराव फाट्यावर हजर! कुणीतरी फोन केला असणार. धोतर, पांढरी टोपी, उंच अंगकाठी. "इनबाई," ते म्हणाले (आपल्या विहीणबाईंची तिकडे इनबाई होते), "तुमी काळीपिवळीत बसून आल्याव, गावात माझं नाक ऱ्हाईल का?" मी म्हटलं, नाक जागेवर आहे. तेव्हा कुठे ते हसले.

काळी माती

घर साधं, स्वच्छ, पुढे मोठा ओटा. विहीणबाई, म्हणजे कौसाबाई, यांनी गेल्या गेल्या ज्वारीची गरम भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. येसर म्हणजे धान्य-मसाले भाजून केलेलं पीठ. त्याच्या आमटीला असा खमंग वास की भाताची आठवण काढायला मला दुसरा दिवस उजाडला. आमच्याकडे व्याह्यांना पहिल्याच जेवणात तिखट वाढायची कुणाची छाती होणार नाही. इथे कौसाबाई ठेच्याची भरलेली वाटी माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "खाऊन तर बगा, मग रडा." खाल्लं, आणि रडले.

गोठ्यात एकच बैल होता. लाल कंधारी जातीचा, अंगानं भरलेला, शिंगं नुकती साळून गुळगुळीत केलेली. नाव हौशा. मी सहज विचारलं, "जोडी कुठे?" कौसाबाई एकदम उठून चुलीकडे गेल्या. भगवानरावांनी टोपी सारखी केली.

मग सगळं बाहेर आलं. मी विषय काढला नव्हता. विषय गोठ्यात बांधलेला होता.

भगवानरावांचा धाकटा भाऊ उत्तमराव. वाटण्या झाल्या तेव्हा वडिलांच्या हातची बैलजोडी दोघांत एकेक अशी वाटली गेली. हौशा थोरल्याकडे, गुलब्या धाकट्याकडे. पण जोडी मोडली नाही, कारण मध्ये सावड होती. सावड म्हणजे एकमेकांना एकमेकांचा बैल द्यायचा; आज तुझ्या रानात दोघं, उद्या माझ्या. या गावात कितीतरी घरं अशीच शेती करतात. वाटणी झाली तरी औताला एकत्र राहायचं. मला ही पद्धत फार आवडली. आमच्याकडे वाटणीनंतर माणसं फणसाच्या झाडावरून कोर्टात जातात.

उत्तमरावांनी विहिरीवर मोसंबीची बाग केली. मागं एकदा फाल्गुनात अशा गारा पडल्या की झाडांच्या साली निघाल्या. मग आसपासच्या बागवाल्यांनी गट करून गारा मारायची तोफ आणली आणि ती उत्तमरावांच्या रानात बसवली. पत्र्याच्या खोलीतून आभाळाकडे तोंड केलेला मोठा कर्णा. आत गॅसचा बार उडवायचा, त्याचा धक्का वर जातो आणि ढगात गार धरायच्या आत फुटते, असं विकणाऱ्याचं म्हणणं.

"गारा फुटत्यात का न्हाई, मला मालूम न्हाई," भगवानराव म्हणाले. "पण माझा पाऊस त्यानं पळवला. यंदा आभाळ आलं की तोफ. आभाळ आलं की तोफ. पाणी न्हाई पडत. तेला विहीर हाय, ठिबक हाय. आमी तर आभाळाकडं बगून पेरलंय."

"विचारलंत त्यांना?"

"काय इचारायचं? कानानं ऐकायलोय ना."

"आणि सावड?"

"ज्यानं पाऊस पळवला, तेच्या बैलासंग माझा बैल जुपू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रानात गेलो. कापूस गुडघ्याएवढा, पानं दुपारच्या आधीच माना टाकायला लागलेली. काळ्या मातीला अशा भेगा की माझी चप्पल पायातून निसटून सरळ आत गेली आणि भगवानरावांना ती काठीनं उकरून काढावी लागली. आमच्याकडे चिखल चप्पल गिळतो, कोरड्या जमिनीनं गिळलेली मी पहिल्यांदा पाहिली. मी विचारलं, एवढ्या भेगा शेजारच्या रानात का नाहीत? ते म्हणाले, तिथं कोळपणी झाली. पाऊस उघडला की दोन ओळींतून बैलांनी कोळपं ओढायचं, म्हणजे वरची माती भुसभुशीत होते, भेगा बुजतात आणि खालची ओल टिकून राहते. "आमची यंदा न्हाई झाली," ते म्हणाले. "एका बैलावर कोळपं कसं वढणार?"

"भाड्यानं?"

"समद्यांची एकाच टायमाला ऱ्हाती कोळपणी. कोण देतंय?"

मला मनातून राग आला. पाऊस तोफेनं नेला की नाही ते देव जाणे. खालची ओल मात्र या माणसानं स्वतःच्या हट्टानं घालवली होती. आणि हे सांगायला मी व्याह्याच्या घरी पाहुणी होते, म्हणून तोंड शिवून बसले.

बांधापलीकडे

दुपारनंतर पश्चिमेकडून आभाळ आलं. खरोखरचं, करड्या पोटाचं. रानात वारा थंड झाला. भगवानराव बांधावर उभे राहून वर बघत होते, आणि माझंही मन त्यांच्यासारखंच वर लागलं. एवढ्यात पलीकडून धडाम! थोडं थांबून पुन्हा धडाम. पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटली. बगळे उडाले. तोफ उडत राहिली, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते आभाळ विरत विरत पूर्वेला सरकलं. चार थेंबसुद्धा नाहीत.

"बगा," भगवानराव म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "आता तुमीच बगा, इनबाई."

एवढ्या आग्रहानं बोलावलं ते हेच दाखवायला, असं वाटलं, आणि माझी खात्रीच पटली. गारा पडतात त्या फाल्गुन-चैत्रात. श्रावणात तोफ कशाला? यात काहीतरी काळंबेरं आहे. मोसंबीला जास्त पाणी झालं तर फळ गळत असेल, किंवा भावाचं रान पडून राहिलं की स्वस्तात घ्यायचं असेल. माणसाच्या मनात काय काय असतं, हे मी खिडकीतून बघितलेलं आहे. लेकीचा सल्ला गेला खड्ड्यात. मी बांध ओलांडून तडक पलीकडे गेले. भगवानराव मागून "अवो इनबाई, अवो" करत राहिले.

पत्र्याच्या खोलीबाहेर उत्तमराव झडप बंद करत होते. ओशाळे, किडकिडीत, भावापेक्षा बुटके. मला बघून त्यांनी घाईनं खांद्यावरचा पंचा नीट केला. त्यांची बायको मीराबाई बागेतून पाणी घेऊन आली. मी पाण्याला हात लावला नाही. "उत्तमराव," मी म्हटलं, "श्रावणात गारा पडतात का हो तुमच्याकडे?"

"टेस्टिंग करायलोय," ते म्हणाले.

सही जुळत नव्हती. ते खाली बघत होते.

"आभाळ आल्यावरच टेस्टिंग होतं?"

बागेतल्या ठिबकच्या नळ्या ओल्या होत्या, झाडं हिरवीगार. "तुम्हाला पाऊस नको आहे का?" मी विचारलं.

"मला न्हाई गरज," उत्तमराव म्हणाले. "दादाला हाय."

मला काही समजेना. मीराबाईच वैतागून बोलली, "सांगा की आता. घरात तर रोज सांगताव."

मग त्यांनी सांगितलं. तोफ बसवायला आलेल्या माणसानं म्हटलं होतं, धक्का ढगापर्यंत जातो आणि गार फोडतो. यांनी स्वतःच्या डोक्यानं पुढचं पाऊल टाकलं: जो धक्का गार फोडतो, तो पाणी का नाही सांडणार? "चिंचेचं झाड हलवल्यावर चिंचा पडत्यात का न्हाई? तसं आभाळाला हलवायचं. थोडं वलं व्हावं दादाचं रान, म्हून उडवायलोय." गटातल्या लोकांनी हंगामाशिवाय गॅस जाळायला मनाई केलेली, म्हणून त्यांना टेस्टिंग सांगायचं, आणि गॅस स्वतःच्या पैशानं आणून घालायचा.

मी थक्क झाले. मग दुसऱ्याच क्षणी वाटलं, हे उत्तर फार गोड आहे. तयार करून ठेवलेलं असेल. मी इकडे तिकडे नजर फिरवली. खोलीच्या दारात प्लास्टिकची एक खुर्ची होती. तिची पाठ बागेकडे, तोंड भगवानरावांच्या कापसाकडे. बाग राखायला बसणारा माणूस बागेकडे पाठ करून बसत नाही. अजूनही मी त्यांच्या बाजूनं शपथ घेतली नसती, पण मीराबाईनं आणलेलं पाणी मी प्याले.

"हे भावाला का नाही सांगितलंत?"

"पडला असता तर सांगणार व्हतो," उत्तमराव म्हणाले. "न पडता काय सांगावं? दादा म्हणल, आला मोठा पाऊस पाडणारा."

खांदेमळणीची संध्याकाळ

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे तुपानं आणि हळदीनं मळतात. वर्षभर जू वाहून जिथे घट्टे पडतात, तिथे. मग बैलाच्या कानाशी म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आमच्या बाजूला मी हे कधी पाहिलं नव्हतं. बैलाला जेवायचं आमंत्रण द्यायचं, तेही आदल्या दिवशी, रीतसर! दर वर्षी दोन्ही बैल थोरल्याच्या अंगणात उभे करून दोघांना एकदमच आवतण मिळायचं. यंदा हौशा एकटा उभा होता. भगवानराव त्याचा खांदा मळत होते, आणि कौसाबाई हळदीचं ताट धरून दुसऱ्या बाजूला उभ्या होत्या, जिथे गुलब्या उभा राहायचा.

मी दुपारचं सगळं तिथेच सांगून टाकलं. विश्वास ठेवा असं म्हटलं नाही, कारण माझाच पुरता बसला नव्हता. जे ऐकलं ते, आणि खुर्ची कशी ठेवली होती ते.

भगवानरावांचा हात थांबला. "तेनं सांगटलं, आन् तुमी ऐकलं?"

"ऐकलं. पटलं असं नाही म्हणत."

"मला कामून न्हाई सांगटलं मग?"

"पाऊस पडला की सांगणार होते."

तूप बोटावर तसंच राहिलं. कौसाबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि मग, मला वाटतं माझ्यासमोर रडल्याचा राग येऊन, नवऱ्याला म्हणाल्या, "मी तुमाला पाऊस गेल्यापासून सांगायले, एकदा जाऊन इचारा. कोळपणी तर झाली असती." भगवानरावांनी हौशाच्या कानाशी आवतण दिलं आणि ते ओट्यावर जाऊन पाठ करून बसले. जेवताना त्यांनी मला आग्रह केला, पण नजर वर केली नाही. आपण उगाच भाऊबंदकीत तोंड घातलं, असं मला फार वाटलं.

पोळा

सकाळी घरात पुरणाचा वास. गुळवणी, कढी, भजी, आणि बैलांच्या नैवेद्याची पानं. कौसाबाईंनी पानं दोन वाढली. भगवानरावांनी पाहिलं आणि हौशाची झूल झटकायला घेतली.

दुपारनंतर मारुतीच्या देवळापुढे तोरण बांधलं आणि गावचे बैल जमायला लागले. शिंगांना रंग, कपाळाला बाशिंगं, पाठीवर झुली. ट्रॅक्टर आल्यापासून बैल कमी झालेत असं सगळे सांगत होते, तरी मला ते पुष्कळ वाटले. ज्याची त्याची जोडी शेजारी शेजारी उभी. उत्तमराव गुलब्याला घेऊन अगदी कडेला उभे होते. त्यांच्याभोवती मोकळी जागा होती. मागून कुणीतरी "तोफवाले आले" म्हणालं, आणि उत्तमराव कासऱ्याच्या गाठीकडे बघत राहिले.

भगवानराव हौशाला घेऊन आले. सगळ्यांच्या समोरून चालत ते त्या कडेला गेले. हौशा औताला नेहमी डावीकडे चालणारा बैल. त्यांनी त्याला गुलब्याच्या डाव्या अंगाला नेऊन उभं केलं. बैलांनी एकमेकांचा वास घेतला आणि दोघं जागच्या जागी स्थिर झाले. भावांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. दोघंही समोरच्या तोरणाकडे बघत होते, फोटो काढायला उभं केल्यासारखे. माझ्या शेजारी मीराबाईनं कौसाबाईंचा हात धरला होता.

तेवढ्यात अंधारून आलं. जिंतूरच्या बाजूनं मोठं काळं आभाळ चढलं, आदल्या दिवशीपेक्षा दाट. वाऱ्यानं तोरण हललं. ढोलवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. आणि सगळ्या गावानं आधी वर पाहिलं आणि मग उत्तमरावांकडे. मीही पाहिलं. काय खोटं सांगू, मी त्यांच्या पायांकडे पाहत होते, हा माणूस आता रानाकडे पळतो की काय म्हणून. ते हलले नाहीत. कासरा धरून तसेच उभे राहिले.

आभाळ डोक्यावर आलं, थांबल्यासारखं झालं, आणि पलीकडे निघून गेलं. पुन्हा लख्ख ऊन पडलं. झुलीवर थेंब नाही.

मग ढोलवाल्यांपैकी एक जण म्हणाला, "आज तर तोफ न्हाई उडाली."

मला वाटलं, झालं. आता तरी गावाला कळेल की आभाळ आपल्या मनानं येतं आणि आपल्या मनानं जातं. मी भगवानरावांकडे वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. पेरणीनंतर पहिल्यांदाच ते भावाकडे वळले आणि सगळ्या गावासमोर ओरडले, "आरं उत्तम्या! आभाळ डोक्यावर आलतं, आन् तू कासरा धरून उभा? उडवायची न्हाई का!"

उत्तमरावांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते हळूच म्हणाले, "गॅस संपलाय, दादा. कालच संपला."

"मंग सांगायचं न्हाई का, येड्या? मी आणला असता!"